आधी पाऊल, मागून उभारी

मराठीत खचणे हे क्रियापद भिंतीलाही लागते आणि माणसालाही. पावसाने भिंत खचते, विहिरीचे काठ खचतात आणि पोटचे मूल गेलेला बापही खचतो. सावरणे आणि उभारी हे शब्दही असेच दोन्हीकडे चालतात. भाषेने ही जोडणी फार पूर्वी करून ठेवली आहे, पण तिचा शब्दशः अर्थ ज्या गावाने भोगला ते गाव म्हणजे लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील किल्लारी. २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून माणसे उशिरा घरी परतली, दमून झोपली आणि ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात अधिकृत नोंदींनुसार सुमारे आठ हजार माणसे दगावली. त्यानंतर घरे कशी बांधली गेली, कोणी बांधली, किती पैसा लागला, याचा हिशेब अनेकांनी मांडला. घराबरोबर जी माणसे आतून खचली ती कशी सावरली, किंवा सावरली नाहीत, हा प्रश्न मात्र घराच्या हिशेबात बसत नाही. नैराश्यातून बाहेर येण्याची वाट नेमकी कशी असते हे समजून घ्यायचे, तर किल्लारीइतका स्पष्ट धडा महाराष्ट्रात दुसरीकडे मिळणे अवघड आहे.

आधी भिंतीकडे पाहू, कारण माणसाविषयीचा मुद्दा तिथूनच उलगडतो. भूकंपांच्या जगात किल्लारीचा धक्का मध्यम तीव्रतेचा होता. तरी एवढी माणसे मेली, याचे मुख्य कारण घरांची बांधणी. या भागातल्या दगडमातीच्या भिंती दोन-तीन फूट जाड असत आणि लांबून भक्कम दिसत. प्रत्यक्षात त्या दोन पदरांच्या असत. एक पदर बाहेरच्या अंगाला, एक आतल्या अंगाला, मधे खडी आणि माती. दोन्ही पदरांना एकत्र धरून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा दगड बहुतेक घरांत नव्हता. धक्का बसला तसे पदर एकमेकांपासून सुटले, भिंती फुगून फुटल्या आणि वरचे माळवद, मातीचे ते अवजड छप्पर, झोपलेल्या माणसांवर आले. पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला. ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. जिथे नुकसान कमी होते अशा शेकडो गावांत घरे न पाडता ती मजबूत करायचे ठरले. त्यासाठी भिंतीला ठरावीक अंतरावर भोके पाडून आरपार सांधे भरणे, वरच्या बाजूला पट्टा बांधून चारही भिंती एकमेकींना जखडणे, माळवदावरची माती हलकी करणे असे उपाय सांगितले गेले. मोडलेल्या वास्तूसाठी दोन वाटा होत्या, नवी बांधणे किंवा असलेली सांधणे. माणसाला पहिली वाट उपलब्धच नसते. जे झाले ते पुसून नवा माणूस उभा करता येत नाही, त्यामुळे त्याच्याबाबतीत सगळी मदार सांधण्यावरच असते.

भूकंपानंतर महिनाभराने मनोविकारतज्ज्ञांनी मराठवाड्यातल्या एका बाधित गावातील ४२ जणांची तपासणी केली. १९९६ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायकियाट्री’त त्याचा प्राथमिक अहवाल प्रसिद्ध झाला. सुमारे ५९ टक्के लोकांत उपचार लागावा असा मनोविकार आढळला आणि त्यांत आघातोत्तर ताणविकार आणि तीव्र नैराश्य या दोन दुखण्यांचे प्रमाण सर्वांत जास्त होते. ४२ हा आकडा लहान आहे आणि एका गावावरून सगळ्या पट्ट्याचा निष्कर्ष काढता येत नाही. तरी या आकड्याला दोन बाजू आहेत आणि दुसरी बाजू सहसा वाचली जात नाही. त्याच गावात, तेच मरण पाहिलेल्या, त्याच पत्र्याच्या छपराखाली दिवस काढणाऱ्या ४१ टक्के लोकांना असा कोणताही विकार जडलेला नव्हता. त्यांना दुःख झाले नव्हते असे कोणी म्हणणार नाही. याचा अर्थ एवढाच की दुःख आणि नैराश्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आघात सारखा असूनही त्याचा परिणाम प्रत्येकावर वेगळा होतो आणि कोणाला केवळ आधार हवा, कोणाला उपचार हवा, हे ओळखणे ही मदतीची पहिली पायरी ठरते.

हा फरक कसा ओळखायचा? शोक लाटांसारखा येतो. आठवण आली की माणूस कोसळतो, नातू मांडीवर येऊन बसला की क्षणभर हसतोही. शोकात माणसाला गेलेल्याची उणीव जाणवते, स्वतःची किंमत शून्य वाटत नाही. नैराश्यात ही भरती-ओहोटी थांबते. जवळजवळ दिवसभर, रोज, निदान दोन आठवडे मन खिन्न राहते किंवा आवडीच्या गोष्टींतला रसच आटतो. सोबत झोप आणि भूक बिघडते, अंगातले बळ जाते, लक्ष लागत नाही, हालचाली मंदावतात किंवा जीव अस्वस्थ होतो, आपण निरुपयोगी आहोत, सगळे आपल्यामुळे घडले असे वाटते, मरणाचे विचार येतात. अशा लक्षणांचा पुंजका जमला आणि त्यामुळे रोजचे जगणे अडले, की वैद्यकशास्त्र त्याला नैराश्य म्हणते. काही जणांत शोक स्वतःच वर्षानुवर्षे जिथल्या तिथे साचून राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या रोगवर्गीकरणात, जे २०२२ पासून लागू झाले, अशा लांबलेल्या शोकाला स्वतंत्र स्थान मिळाले आहे आणि त्यासाठी निदान सहा महिन्यांची अट आहे. त्यातही समाजाच्या रीतीप्रमाणे जेवढा शोक अपेक्षित असतो त्याहून तो स्पष्टपणे जास्त असावा लागतो. म्हणजे वैद्यकशास्त्र रडणाऱ्या प्रत्येकाला रोगी ठरवायला निघाले आहे, ही भीती अनाठायी आहे. साध्या दुःखाला दुःख म्हणून सोडून देण्यासाठीच या अटी घातलेल्या असतात.

तरीही मराठवाड्यातल्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रांगेत ‘मला नैराश्य आले आहे’ असे म्हणणारे क्वचितच कोणी भेटेल. तिथे माणूस सांगतो की डोके जड झाले आहे, हातापायातले बळ गेले, काळीज धडधडते, झोप लागंना, करमंना, कशात जीव लागंना. घरचे सांगतात की त्यांनी धसका घेतला, भावाच्या मरणाची हाय खाल्ली. शहरी शिक्षित माणूस यावरून घाईने ठरवतो की गावाकडच्या लोकांना मनाचे दुखणे कळत नाही. खरे तर धसका घेणे आणि हाय खाणे हे शब्द किती नेमके आहेत! बाहेरून एक घाव बसतो, तो आत उतरतो आणि माणूस अन्नासारखे दुःखच खाऊ लागतो, एवढा सगळा क्रम त्या दोन शब्दांत सामावला आहे. अडचण वेगळीच आहे. ज्याने धसका घेतला त्याच्यासाठी काही करता येते, हे या शब्दांत नाही. हाय खाल्ली म्हणजे आता तो माणूस झिजत जाणार, असे गाव मनोमन धरून चालते. डॉक्टरही डोकेदुखीवर गोळी देऊन मोकळे होतात. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी साधारण वीसातील एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य आल्याचे दिसले आणि नैराश्य असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोक उपचारांपर्यंत पोहोचलेले नव्हते. दुखणे सांगायला आपल्याकडे शब्द होते. त्या शब्दांना दवाखान्यात ऐकणारे कान नव्हते.

इथे सर्वांत जुना आणि सर्वांत आदरणीय आक्षेप पुढे येतो. काळ हेच औषध आहे, असे आपली वडीलधारी माणसे सांगत आली आणि ते खोटे नाही. बहुतेकांचा शोक खरोखर काळाने निवळतो. नैराश्याचे काही झटकेही काही महिन्यांत आपोआप ओसरतात. पण नैराश्य आले की काळाचे काम करणारी यंत्रणाच बिघडते, हे लक्षात घ्यायला हवे. काळ जखम भरतो म्हणजे नेमके काय होते? दिवसामागून दिवस माणूस पारावर बसतो, रानात जातो, कोणाच्या लग्नाला जातो, कोणाशी भांडतो, आणि या शेकडो लहान व्यवहारांतून मनाला पुन्हा जगाची चव लागते. नैराश्यात माणूस नेमके हेच व्यवहार थांबवतो. करमत नाही म्हणून तो पारावर जात नाही. पारावर न गेल्यामुळे त्याला हसवणारे कोणी भेटत नाही. कोणी भेटत नाही म्हणून त्याला आणखी वाटते की आपले कोणाला काही पडलेले नाही. काम पडून राहते, त्याची लाज वाटते, लाजेने तो आणखी घरात दडतो. फास असा आवळत जातो. आघात एकदाच झालेला असतो, पण हे चक्र त्या आघाताला रोज नव्याने खतपाणी घालते. मूळ कारण संपल्यावरही नैराश्य का संपत नाही, याचे एक मोठे उत्तर इथे आहे.

या चक्राला कुठून हात घालायचा? आपली स्वाभाविक समजूत अशी की आधी मन ठीक झाले पाहिजे, उत्साह आला पाहिजे, मग माणूस कामाला लागेल. मानसशास्त्रातल्या एका महत्त्वाच्या प्रवाहाने हा क्रम उलटा करून पाहिला. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पीटर लेविन्सन यांनी १९७० च्या दशकात मांडले की जगण्यातले समाधान देणारे अनुभव आटले की नैराश्य टिकते, म्हणून ते अनुभव ठरवून परत आणावेत, भले मनाला इच्छा नसली तरी. १९९६ मध्ये नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी प्रचलित मनोपचाराचे भाग सुटे करून तपासले, तेव्हा केवळ कृतीवर भर देणारा भागही पूर्ण उपचाराइतकाच परिणामकारक ठरला. २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये ४४० रुग्णांवर झालेल्या चाचणीत हेच दिसले आणि तिथे कृती-उपचार करणारे कर्मचारी कनिष्ठ, कमी प्रशिक्षित होते. तत्त्व सोपे आहे. उभारीची वाट पाहत बसू नये. पाऊल आधी टाकावे, उभारी मागून येते. औशाच्या किंवा उमरग्याच्या एखाद्या गावात याचा अर्थ असा होईल की पहिल्या आठवड्यात फक्त सकाळी उठून तोंड धुऊन ओसरीवर दहा मिनिटे बसायचे. दुसऱ्या आठवड्यात बांधापर्यंत जाऊन यायचे. मग एका शेळीचे चारापाणी आपल्याकडे घ्यायचे. मग मंगळवारी भजनाला नुसते जाऊन बसायचे, गाणे जमले नाही तरी चालेल. प्रत्येक कृतीनंतर मन कसे होते, तेवढे लक्षात ठेवायचे आणि पुढच्या भेटीत सांगायचे.

हे वाचून कोणीही म्हणेल की यात नवे काय? घरातला प्रत्येक जण हेच तर सांगत असतो. ऊठ, कामाला लाग, मन रमेल, किती दिवस असा पडून राहणार. आक्षेप वरवर बिनतोड वाटतो, पण घरच्यांच्या आणि उपचारातल्या सांगण्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. घरच्यांचे ‘कामाला लाग’ म्हणजे एकदम पूर्वीसारखा हो, असा हुकूम असतो. तो पाळता येत नाही आणि न पाळल्याची आणखी एक हार पदरी पडते. उपचारातले पाऊल इतके लहान ठरवलेले असते की ते पडण्याची शक्यता जास्त असावी. ते पाऊल कोणते, हे रुग्णाच्या स्वतःच्या आवडीतून आणि मोलातून ठरते, दुसऱ्याच्या अपेक्षेतून ठरत नाही. त्याला दिवस आणि वेळ ठरलेली असते. ते जमले नाही तर कोणी रागावत नाही, का अडले ते दोघे मिळून पाहतात आणि पाऊल आणखी लहान करतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे विचारायला येणारा माणूस पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो. खचलेल्या माणसाला एकट्याने पाऊल टाकता येत नाही, कारण पाऊल टाकण्याची शक्तीच तर दुखण्याने हिरावली आहे. नैराश्य हा आळस नाही आणि मनाचा दुबळेपणाही नाही. म्हणून कृतीइतकीच सोबत हाही औषधाचा घटक आहे.

अशी सोबत करायला तज्ज्ञ कुठून आणायचे, हा प्रश्न खरा आहे. मनोविकारतज्ज्ञ शहरांत असतात, तालुक्याच्या गावाला क्वचित पोहोचतात. याचे उत्तर आपल्या शेजारी गोव्यात शोधले गेले. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेल्या ‘संगाथ’ संस्थेने गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्य असलेल्या सुमारे पाचशे रुग्णांवर चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. एका गटाला केंद्रातली सुधारित नेहमीची सेवा मिळाली. दुसऱ्या गटाला त्याशिवाय सहा ते आठ भेटींत कृतीवर आधारलेले समुपदेशन मिळाले. ते देणारे लोक मानसिक आरोग्याचे कोणतेही औपचारिक शिक्षण न घेतलेले स्थानिक स्त्री-पुरुष होते. त्यांना प्रशिक्षण आणि नियमित देखरेख तेवढी दिली होती. तीन महिन्यांनी दुसऱ्या गटातील ६४ टक्के लोकांचे नैराश्य ओसरले, पहिल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. आपल्या विदर्भातही असाच प्रयोग झाला. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प चालला. त्याच्या नावाच्या विस्तारात नैराश्य हा शब्दच नव्हता, ताण होता. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघर बोलायला सुरुवात केली आणि नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. याचा अर्थ तरीही जवळजवळ तीनचतुर्थांश लोक बाहेर राहिले, हे खरे. पण गावातला माणूस हे काम करू शकतो का, या शंकेला पुरेसे उत्तर मिळाले आहे.

आता पुन्हा किल्लारीकडे येऊ, कारण तिथे अशीच एक गोष्ट वेगळ्या नावाने घडली. नव्या जागी वसवलेल्या गावांत जमीनधारणेनुसार २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची घरे मिळाली. ती भूकंपाला टिकणारी होती, रस्ते रुंद आणि सरळ होते. पण पुढे झालेल्या अनेक पाहण्यांत दिसले की जुनी शेजारपाजारची वीण सुटली, वाड्याचे चौक आणि ओसऱ्या गेल्या, रान लांब पडले. घर मिळाले तरी घराभोवतीचा व्यवहार मिळाला नाही. दुसरीकडे, डागडुजी आणि मजबुतीकरणाच्या गावांमध्ये प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ संस्थेने शासनाबरोबर काम करताना गावोगावच्या महिला मंडळांतल्या स्त्रियांना संवाद सहाय्यक म्हणून पुढे आणले. भिंतीत आरपार सांधा का घालायचा, हप्ता केव्हा मिळतो, सिमेंट कसे तपासायचे, हे त्या घराघरांत जाऊन सांगत, अभियंत्यांशी बोलत. त्यातल्या अनेकींनी यापूर्वी गावाच्या सभेत तोंड उघडले नव्हते. २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या स्त्रिया तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगायला गेल्या. हा नैराश्यावरचा उपचार म्हणून आखलेला कार्यक्रम नव्हता आणि त्याने कोणाचे नैराश्य किती कमी झाले याचा दावा इथे करायचा नाही. पण त्यातले घटक ओळखीचे आहेत. ठरलेले लहान काम, घराबाहेर पडण्याचे कारण, पुन्हा पुन्हा भेटणारी माणसे आणि आपल्या हाताने काही उभे राहिल्याचा पुरावा. केवळ तयार घर हातात ठेवण्याने यातले काहीच मिळत नाही.

याहून कठीण आक्षेप मराठवाड्याच्या मातीतूनच येतो. इथल्या माणसाला नैराश्य येते ते नापिकीमुळे, कर्जामुळे, सोयाबीनच्या पडलेल्या भावामुळे. मग ओसरीवर बसून आणि समुपदेशन घेऊन कर्ज फिटणार आहे का? मनाचा उपचार म्हणजे व्यवस्थेचे अपयश माणसाच्या डोक्यावर ढकलणे नव्हे का? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. पाणी, भाव, विमा आणि पतपुरवठा हे प्रश्न धोरणाने सुटायचे आहेत आणि समुपदेशक नेमून कोणत्याही सरकारला त्यातून सुटका मिळता कामा नये. पण या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात उभ्या करणे चुकीचे आहे. कर्ज सारखेच असलेल्या दोन शेतकऱ्यांपैकी नैराश्य आलेला माणूस बँकेत जात नाही, विम्याचा अर्ज मुदतीत भरत नाही, भावकीत शब्द टाकत नाही, कारण काहीच उपयोग नाही असे त्याच्या दुखण्यानेच त्याला पटवलेले असते. गरिबी नैराश्य आणते आणि नैराश्य गरिबीतून निघायचे दोर कापते. उपचाराने कर्ज फिटत नाही. कर्जाशी झगडणारा माणूस मात्र परत मिळतो. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये मराठवाडा आणि विदर्भातील १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ हा शेतकरी समुपदेशन प्रकल्प सुरू केला. त्यात आशाताईंनी घरोघरी जाऊन अशा माणसांना ओळखावे ही कल्पना होती आणि ती योग्य दिशेची होती. आशाताईकडे आधीच ढीगभर कामे आहेत, म्हणून हे काम तिच्यावर लादताना त्याचे प्रशिक्षण, मोबदला आणि तिच्या पाठीशी एक जाणकार माणूस देणे ही शासनाची जबाबदारी आहे.

कृती आणि सोबत यांवर भर देताना गोळ्यांना कमी लेखणेही बरोबर नाही. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका विस्तृत आढाव्यात २१ औषधांच्या ५२२ चाचण्या आणि १ लाख १६ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. प्रौढांच्या तीव्र नैराश्यात ही सर्व औषधे निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरली, जरी सरासरी फरक माफक होता. गावात या गोळ्यांना झोपेच्या गोळ्या समजतात आणि सवय लागेल म्हणून आठवड्यात बंद करतात. झोपेच्या काही गोळ्यांची सवय खरोखर लागते, नैराश्यावरच्या औषधांचे तसे नाही. मात्र त्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, बरे वाटल्यावरही निदान सहा महिने त्या चालू ठेवाव्या लागतात आणि बंद करताना डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी कराव्या लागतात, नाहीतर त्रास होतो. दुखणे इतके खोल असेल की माणसाला उठून बसताही येत नाही, तर औषध आधी लागते. तेच त्याला पहिल्या पावलापर्यंत आणते. आणि जगणे नको वाटते असे कोणी बोलला, तर त्याला एकटे न सोडता, न बिचकता सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. टेली-मानस ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मराठीतही बोलता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने प्रत्येकाला शासकीय उपचारांचा हक्क दिला आहे. जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे हा कायदा मानतो आणि त्याला शिक्षेऐवजी मदत देण्याचे कर्तव्य शासनावर टाकतो.

बरे होणे म्हणजे पुन्हा कधीच न खचणे, अशी अपेक्षा ठेवली तर निराशाच होईल. एकदा नैराश्य आलेल्यांपैकी अनेकांना ते परत येते. भूकंपाच्या पट्ट्यात ३० सप्टेंबर दरवर्षी येतो. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये निलंगा तालुक्यातल्या हासोरीत जमिनीखालून गूढ आवाज येऊ लागले, तेव्हा माणसांनी पुन्हा रात्री जागून काढल्या. जुनी भीती अशी हाक मारते तेव्हा आपण पुन्हा शून्यावर आलो असे वाटते, पण तसे नसते. ज्याने एकदा वाट पाहिली आहे त्याला खुणा माहीत असतात. झोप मोडू लागली, पारावर जाणे टळू लागले, भाकरी तशीच राहू लागली की ही सुरुवात आहे हे त्याला आणि त्याच्या घरच्यांना कळू शकते आणि दुखणे खोल जायच्या आत लहान पावले पुन्हा सुरू करता येतात. दम्याचा किंवा साखरेचा रोगी असाच आपल्या दुखण्याबरोबर शहाणपणाने जगतो आणि त्याला कोणी हरलेला म्हणत नाही.

मजबुतीकरण झालेल्या घरांत भिंती जुन्याच राहिल्या. त्यांचे दगड, त्यांची माती, काही ठिकाणी त्यांच्या जुन्या भेगांच्या खुणाही तशाच. ठरावीक अंतरावर आरपार घातलेल्या सांध्यांनी दोन पदर एकमेकांना धरले, एवढाच काय तो बदल. खचलेल्या माणसासाठी समाजाने करायचे काम याहून वेगळे नाही. त्याच्या आत अडकलेले दुःख आणि बाहेर चाललेले जग हे दोन पदर एकमेकांपासून सुटलेले असतात. दर आठवड्याला ठरल्या वेळी येऊन ‘बांधापर्यंत गेला होतात का’ एवढेच विचारणारी आशाताई, बहीण, मित्र किंवा शेजारी हा त्या दोन पदरांमधला दगड असतो. किल्लारीच्या पट्ट्यात हजारो घरांना असे सांधे मोजून, पैसे देऊन, देखरेख ठेवून बसवण्याची योजना आपण आखू शकलो. गावागावांत माणसांसाठीही तेवढेच मोजून, तेवढीच देखरेख ठेवून ते बसवता येतील, कारण ते कसे बसवायचे हे आता आपल्याला माहीत आहे.